घसरगाडीचं सुकाणू : एक चिकित्सा

या मालिकेत आपण वस्तूंची समीक्षा करतो. कवितेची समीक्षा होते, नाटकाची होते, मग माणसाने विचार करून घडवलेल्या वस्तूची का होऊ नये, एवढाच आपला साधा आग्रह. आजची वस्तू आहे टोबॉगन, म्हणजे बर्फाच्या उतारावरून घसरत जाणारी गाडी. त्यातही सगळी गाडी नाही. तिला वळवण्याची जी योजना असते, तेवढीच आपण बघणार आहोत.

ऐकणाऱ्यांपैकी पुष्कळांचा बर्फाशी संबंध शीतकपाटापुरता असेल. त्याने काही बिघडत नाही. लहानपणी फळीला बेअरिंगं ठोकून गाडी केलेली मंडळी श्रोत्यांत नक्की असणार. पुढची आडवी फळी एका बोल्टवर फिरती ठेवायची, तिच्या दोन टोकांना सुतळी बांधायची आणि उतारावरून सुटायचं. सुतळी ओढली की गाडी वळते. मग बर्फावर हेच करायला अडचण काय? अडचण आहे, आणि ती यांत्रिक आहे तेवढीच तात्त्विकही आहे.

आधी मूळ वस्तू बघू. टोबॉगन हा शब्द उत्तर अमेरिकेतल्या मूलनिवासींचा, अल्गाँक्वियन कुळातल्या भाषांमधून कॅनडातल्या फ्रेंचमध्ये आणि तिथून इंग्रजीत आलेला. वस्तूही त्यांचीच. बर्च किंवा लार्चच्या पातळ फळ्या, पुढचं टोक वाफेवर वाकवून वर वळवलेलं, खाली काही नाही. सपाट. भुसभुशीत, खोल बर्फावर ओझं न रुतता न्यायचं तर पसरट तळच हवा. माणसं किंवा कुत्री ती ओढायची. तिला सुकाणू नव्हतं, कारण त्याची गरजच नव्हती. ओढणारा जिकडे वळेल तिकडे ती वळायची. आपल्या बैलगाडीलाही सुकाणू कुठे असतं? असतो तो कासरा, आणि कासरा गाडीला नाही, बैलांना असतो. म्हणजे 'कुठे जायचं' हे ठरवणारा जीव गाडीच्या पुढे चालत होता. तो जीव गाडीवर येऊन बसला, ओढणारं कुणी उरलं नाही आणि ओढण्याचं काम उताराकडे गेलं, तेव्हा पहिल्यांदा सुकाणूचा प्रश्न उभा राहिला.

हा प्रश्न ज्या गावांत गाजला त्यांत स्वित्झर्लंडमधलं दावोस मुख्य. एकोणिसाव्या शतकात क्षयाचे रुग्ण तिथे हवापालटासाठी जात. त्यांच्यात जॉन ॲडिंग्टन सिमंड्स होते, इटलीच्या प्रबोधनकाळावर अनेक खंड लिहिणारे इंग्रज समीक्षक. दावोसच्या टोबॉगन क्लबच्या उभारणीत हे गृहस्थ पुढे होते. १८८३ साली दावोस ते क्लोस्टर्स अशी आंतरराष्ट्रीय शर्यत झाली आणि पहिल्या क्रमांकावर दोघे बरोबरीत आले, एक तिथला टपालवाला आणि दुसरा ऑस्ट्रेलियन विद्यार्थी. समीक्षकाने घसरगाडीत लक्ष घालणं ही काही आमचीच लहर नाही, एवढं यावरून दिसावं. असो.

आता मूळ अडचण. गाडी वळवणं असं आपण सहज म्हणतो तेव्हा त्यात दोन गोष्टी एकात मिसळलेल्या असतात. एक, गाडीचं तोंड वळवणं. दुसरी, गाडीची वाट वळवणं. रस्त्यावरच्या सायकलीत या दोन्ही एकदमच घडतात, म्हणून त्या वेगळ्या आहेत हे आपल्या लक्षातही येत नाही. पावसात चिखलाच्या रस्त्यावर स्कूटरचं हँडल वळवून बघा. चाकाचं तोंड उजवीकडे आणि स्कूटर सरळ नाल्याकडे! तोंड वळलं, वाट वळली नाही. सपाट तळाच्या टोबॉगनचं नेहमीच असं होतं. तिच्या तळाला सगळ्या दिशा सारख्याच. घर्षण येतं ते गतीच्या उलट दिशेने, गाडीचं नाक कुठे आहे याची त्याला फिकीर नाही. मागे पाय टेकला, काठी रोवली, तर नाक फिरतं. गाडी मात्र आडवी होऊन त्याच दिशेने खाली जात राहते.

वाट वळायची तर बाजूने जोर लागतो, आणि तो जमिनीकडूनच यावा लागतो. किती? गाडी आणि माणूस मिळून ८० किलो धरा, आणि वळण २० मीटर त्रिज्येचं. ताशी १८ किलोमीटर वेगाला साधारण १० किलो वजनाएवढा बाजूचा जोर पुरतो. ताशी ३६ ला ४० किलो लागतात. ताशी ७२ ला १६० किलोच्या पुढे. वेग दुप्पट झाला की जोर चौपट, हा त्यातला हिशोब. एवढा जोर बर्फाकडून घ्यायचा तर बर्फात धार रुतली पाहिजे. म्हणजे ज्याला टोबॉगनचं सुकाणू करायचं आहे, त्याला दोन वस्तू करायच्या असतात: तोंड फिरवणारी एक, आणि बर्फाला धरणारी दुसरी. नवखा कारागीर पहिलीवरच सगळी बुद्धी खर्च करतो. दांडा, दोरी, चाक, बिजागरी. दुसरी तो विसरतो, कारण ती दिसत नाही, खाली असते.

या दोन्हींचं उत्तर एकाच हालचालीत देणारी वस्तू आमच्या मते एकच झाली. फिलाडेल्फियाच्या सॅम्युअल लीड्स ॲलन यांची 'फ्लेक्सिबल फ्लायर'. पेटंट १८८९ चं. ॲलन शेतीची अवजारं करायचे, बी पेरायची यंत्रं वगैरे. अवजारांचा धंदा हंगामी. हंगाम सरला की कामगारांना काम नाही. हिवाळ्यात खपेल अशी वस्तू हवी होती, म्हणून त्यांनी बर्फावरच्या गाडीचा विचार केला. त्याआधीची मुलं गाडी वळवायची ती मागे बूट घासून. त्यात बूट झिजायचा आणि वेगही जायचा, म्हणजे वळायची किंमत थांबण्यात मोजावी लागे.

ॲलन यांनी केलं ते असं. गाडीखाली दोन लांब पोलादी पट्ट्या, ज्यांना इंग्रजीत रनर म्हणतात. पट्ट्या लवचीक. पुढे एक आडवा दांडा, तो पट्ट्यांच्या पुढच्या भागाला जोडलेला. बसलात तर पायाने, पालथे पडलात तर हाताने दांड्याचं उजवं टोक पुढे ढकलायचं, की दोन्ही पट्ट्या डावीकडे वाकतात. इथे जरा थांबू या, कारण खरी बुद्धी इथे आहे. आपल्या बेअरिंगच्या गाडीत पुढचा भाग वळतो आणि मागचा सरळ राहतो. बर्फावर असं केलं, तर एकच लांब सरळ पट्टी वळणातून जाताना कुठेतरी आडवी घासणारच, कारण सरळ रेघ वर्तुळावर नीट बसत नाही. वाकलेली पट्टी मात्र स्वतःच वळणाचा तुकडा होते. ज्या वाटेने जायचं त्या वाटेचा आकार गाडी आधी आपल्या अंगावर घेते. तोंड वळवणारा भाग आणि बर्फ धरणारा भाग हे इथे दोन उरतच नाहीत.

आम्हाला ही कल्पना फार आवडते, आणि आवडण्याचं कारण नुसतं सौंदर्याचं नाही. त्या दांड्याला पोलादाचा विरोध हाताला लागतो. जास्त वळायचं तर जास्त जोर लावावा लागतो. म्हणजे यंत्र माणसाला सांगत राहतं की तू किती मागतो आहेस. सुरुवातीला या गाडीला फारसा उठाव नव्हता; पुढे मोठमोठ्या दुकानांतून ती विकली गेली आणि अमेरिकेतल्या कित्येक पिढ्यांचं बालपण तिच्यावरून घसरलं. दोष आहेच. अरुंद पट्टी घट्ट तुडवलेल्या बर्फावर चालते, भुसभुशीत बर्फात रुतून बसते. मूळ टोबॉगनचं सगळं सामर्थ्य तिथेच होतं. सुकाणू मिळवण्यासाठी गाडीने तरंगणं सोडलं, असा हा सौदा.

याच्या उलट टोकाला आहेत मुलांच्या त्या प्लास्टिकच्या गाड्या, पुढे एक छोटी स्की आणि वर मोटारीसारखं गोल चाक. आमचा यांच्यावर राग आहे, तो स्पष्टच सांगतो. चालतात त्या बऱ्यापैकी, मंद उतारावर तर छानच चालतात. पण चाक ही नुसती मूठ नसते, ते एक आश्वासन असतं. मुलाने बाबांना मोटार चालवताना पाहिलेलं आहे. तिथे चाक फिरवलं की गाडी वळते, कारण खाली डांबर आहे आणि रबर आहे. इथे खाली बर्फ आहे. कडक बर्फावर वेगात चाक पूर्ण फिरवलं, तर स्की आडवी होते, घासत जाते आणि गाडी सरळ जात राहते. तोंड वळलं, वाट नाही. वाईट हे, की चाक हाताला काहीच कळवत नाही. ते पकड असतानाही तेवढंच हलकं फिरतं आणि सुटल्यावरही. नाटकात जसा खोटा दरवाजा रंगवतात, तसं हे रंगवलेलं सुकाणू. नाटकात निदान प्रेक्षकाला माहीत असतं.

बॉबस्लेचा इतिहास या बाबतीत बोलका आहे. सांक्ट मोरिट्झला एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी दोन गाड्या एका फळीने जोडून बॉबस्ले तयार झाली. मागची जोडी स्थिर, पुढची फिरती, म्हणजे आपलीच बेअरिंगची गाडी. सुरुवातीच्या काही बॉबना मोटारीसारखं चाक होतं. आज पुढच्या आसापासून दोन दोऱ्या येतात, टोकाला कड्या, आणि चालक त्या बोटांनी हलकेच ओढतो. एवढं पुढारलेलं यंत्र, पोलाद काय, कार्बन फायबर काय, आणि शेवटी दोरी! आम्हाला यात मागासपणा दिसत नाही. ताणलेल्या दोरीतून खालचा बर्फ बोटांपर्यंत येतो. कासरा धरणाऱ्याला हे नव्याने सांगायला नको.

कासऱ्याचा विषय निघाला की आपल्याकडे कठोपनिषदातला रथ आठवणारच. शरीर हा रथ, बुद्धी सारथी, मन म्हणजे लगाम, इंद्रियं घोडे. पण बघा, त्या रूपकात गती आणि दिशा दोन्ही लगामातून जातात. घोडे आवरले की रथ थांबतो. घसरगाडीत ओढणारी पृथ्वी आहे, आणि तिला लगाम नाही. इथला सारथी फक्त दिशेपुरता सारथी, आणि तोही वेग वाढेल तसतसा कमी कमी. आम्हाला वाटतं, माणसाच्या पुष्कळशा परिस्थितींना रथापेक्षा ही घसरगाडी जास्त लागू पडते. पण आज तो मोह नको.

सुकाणू मुळातच नाकारणारी एक परंपरा आहे. सांक्ट मोरिट्झचा क्रेस्टा रन, १८८४-८५ च्या हिवाळ्यापासूनचा, दरवर्षी नव्याने बांधला जाणारा बर्फाचा मार्ग. लांबी सुमारे १२०० मीटर, उतार दीडशे मीटरहून जास्त, वेग ताशी १२० किलोमीटरच्या पुढे. स्वार पालथा, डोकं पुढे. गाडीला वळवण्याची काहीही योजना नाही. अंगाचा भार सरकवायचा आणि बुटांच्या टोकांना लावलेले लोखंडी दाते बर्फात ओढायचे. तिथल्या 'शटलकॉक' नावाच्या वळणाची भिंत मुद्दाम बुटकी ठेवलेली आहे. ज्याचा वेग बेतापलीकडे गेला, तो तिथे बाहेर फेकला जातो, पेंढ्यावर आणि मऊ बर्फावर. म्हणजे मार्गानेच एक जागा राखून ठेवली आहे, जिथे चूक लवकर आणि स्वस्तात उघड होते. पुढची वळणं आणखी वेगाची. तिथे फेकलं जाण्यापेक्षा इथे बरं. शिवाय पडणाऱ्यांचा क्लब आहे आणि त्याचं सभासदत्व लोक अभिमानाने मिरवतात. (बायकांना मात्र या मार्गावर १९२९ पासून २०१८ पर्यंत बंदी होती. तेवढी शहाणी वळणं बांधणाऱ्यांना हे कसं सुचलं, देव जाणे.)

मायकेल पोलान्यी यांनी १९५८ च्या 'पर्सनल नॉलेज'मध्ये सायकलचं उदाहरण घेतलं होतं. तोल सावरताना हँडल किती वळवावं याचं गणित आहे, त्यातही वेगाचा वर्ग येतो, पण ते गणित येणाऱ्याला सायकल येत नाही आणि सायकल येणाऱ्याला ते गणित ठाऊक नसतं. क्रेस्टाच्या स्वाराचं ज्ञान असंच, पोटात आणि गुडघ्यांत राहणारं. सुकाणूची चिकित्सा करताना म्हणून आम्ही एक कसोटी लावतो: या योजनेमुळे स्वाराचं अंग शहाणं होतं की आंधळं?

आता ल्यूज. १९६४ च्या इन्सब्रुक स्पर्धांपासून ऑलिंपिकमध्ये आहे. स्वार उताणा, पाय पुढे. दोन्ही पोटऱ्या गाडीच्या पुढे आलेल्या वाकड्या टोकांना टेकलेल्या. एका पोटरीने एक टोक आत दाबायचं, विरुद्ध बाजूचा खांदा खाली दाबायचा, आणि गाडी किंचित मुरडते. ॲलन यांचंच तत्त्व, फक्त दांडा जाऊन तिथे पाय आला. आपला शिवा केशवन १९९८ साली नागानोला सोळाव्या वर्षी या गाडीवर उतरला आणि पुढे एकूण सहा ऑलिंपिक खेळला. बर्फाचा मार्ग देशात नव्हता, म्हणून गाडीला चाकं लावून त्याने हिमालयातल्या रस्त्यांवर सराव केला, समोर मालमोटारी आणि मेंढ्यांचे कळप.

पण ल्यूजचा स्वार खरोखर गाडी वळवतो का? मघाचा हिशोब आठवा. ताशी १४० किलोमीटरला वळायला लागणारा जोर एखाद्या पोलादी धारेकडून मिळत नाही. तो मार्गाच्या उभ्या, बाकदार भिंतीकडून मिळतो. गाडीला वळवते ती भिंत. स्वार फक्त एवढं ठरवतो की भिंतीवर कधी चढायचं, किती उंच जायचं आणि कधी उतरायचं. सुकाणूचा मोठा भाग गाडीतून निघून बांधकामात गेलेला आहे. ज्याने मार्गाचा नकाशा काढला, तो प्रत्येक स्वाराबरोबर गाडीत बसलेला असतो.

हे लक्षात ठेवून १२ फेब्रुवारी २०१० कडे बघू. व्हँकुव्हर ऑलिंपिकच्या उद्घाटनाचा दिवस. व्हिसलरच्या मार्गावर सराव करताना जॉर्जियाचा नोदार कुमारिताश्विली, वय २१, शेवटच्या सोळाव्या वळणातून बाहेर येताना मार्गाबाहेर फेकला गेला आणि पोलादी खांबावर आदळून मरण पावला. वेग ताशी १४० च्या वर होता. ल्यूजच्या आंतरराष्ट्रीय महासंघाने आणि आयोजकांनी लगेच म्हटलं, की पंधराव्या वळणातून तो उशिरा बाहेर पडला, सोळाव्यात त्याला ते सावरता आलं नाही, आणि मार्गात दोष असल्याचं काही दिसत नाही. पाठोपाठ काय केलं? सोळाव्या वळणाच्या बाहेरची भिंत उंच केली, बर्फाचा आकार बदलला, पुरुषांची सुरुवात खाली आणली. कॉरोनरने पुढे हा अपघाती मृत्यू ठरवला आणि कारणांत वेग, मार्गाची अवघडता आणि त्या मार्गाचा त्याचा अपुरा परिचय, असं सगळंच धरलं.

पहिल्या निवेदनातलं वर्णन कदाचित अचूक असेल. उशीर झाला असेल, सावरलं नसेल. पण त्यातून जो दोष सुचवला जातो, त्याचं काय? कांटच्या नीतिशास्त्रात एक गोष्ट गृहीत आहे: एखाद्याने अमुक करायला हवं होतं असं म्हणायचं, तर ते त्याला करता येण्याजोगं असलं पाहिजे. स्वाराच्या हाती काय होतं? दोन पोटऱ्या, दोन खांदे आणि सेकंदाचा लहानसा अंश. बाकीचा सगळा वळवणारा जोर भिंतीचा. तरी चूक मोजताना मात्र शंभर टक्के सुकाणू त्याच्या अंगात होतं असं धरायचं? दहावा हिस्सा नियंत्रण द्यायचं आणि जबाबदारी सगळीच द्यायची, हा सौदा प्रामाणिक नाही. आणि स्वार चुकणार हे तर क्रेस्टावाल्यांनी शंभर वर्षांपूर्वीच धरून ठेवलं होतं, म्हणून त्यांच्या वळणाबाहेर पेंढा होता. इथे खांब होते.

कुणी म्हणेल, शर्यत म्हटली की धोका आलाच, स्वार तो जाणून घेतो. खरं आहे. धोका जाणून घेणं वेगळं आणि दुसऱ्याच्या नकाशातल्या त्रुटीची बाकी आपल्या नावावर लिहून घेणं वेगळं. नंतर २०१४ साठी सोचीचा मार्ग बांधला, त्यात वेग आटोक्यात राहावा म्हणून तीन ठिकाणी चक्क चढ घातले. आमच्या दृष्टीने ते चढ म्हणजे सुकाणूचाच भाग, आणि उत्तम भाग, कारण ते पृथ्वीचा लगाम थोडासा आवळतात. मघा आपण म्हटलं होतं ना, की तिला लगाम नाही.

मडेराच्या फुंशाल गावात, पोर्तुगालच्या त्या बेटावर बर्फाचा पत्ता नाही, तरी एकोणिसाव्या शतकापासून टोबॉगन चालते. वेताची मोठी टोपली, खाली लाकडी पट्ट्या, मोंतेच्या टेकडीवरून दोन किलोमीटर घसघशीत उताराचा रस्ता. पांढऱ्या कपड्यांतले, गवती टोपीवाले दोन गडी मागून धावतात, दोऱ्या धरतात, आणि जाड रबरी तळव्यांच्या बुटांनी ब्रेक लावतात. गुलमर्गला आपली मराठी मंडळी ज्या लाकडी गाडीत बसून फोटो काढतात, तिथेही उतारावर गाडीवाला पुढे बसून टाचांनीच वाट वळवतो. यंत्रशास्त्र म्हणून यात बघण्यासारखं काही नाही. पण वळवणारा कोण, ते इथे बसलेल्या पोरालाही दिसतं, आणि गाडी आपटली तर कुणाशी बोलायचं तेही कळतं.

ज्या पालकांना घरच्या सपाट गाडीला सुकाणू बसवायचं आहे, विशेषतः जे बर्फाच्या देशांतून ऐकताहेत, त्यांना आमचं सांगणं थोडक्यात. आधी तळाला दोन लांब खोल कंगोरे द्या, मग पुढे दोरी. चाक नको. आणि उतार असा निवडा की खाली गाडी आपोआप थांबेल एवढं मोकळं मैदान असेल, मध्ये झाड नसेल.

आता प्रश्न घेऊ या.